साखळीची थंडी, भाड्याचा फ्लॅट आणि पश्चिमेकडची खोली

गोव्यात कसली आलीय थंडी, असं म्हणणारी माणसं बहुतेक किनाऱ्यावर राहतात नाहीतर किनाऱ्यावरच फिरून परत जातात. त्यांचं काही चूक नाही. समुद्राचं पाणी डिसेंबर-जानेवारीतही २७-२८ अंशांच्या आसपास असतं, ते किनारपट्टीला रात्री फार गार होऊ देत नाही, म्हणून पणजीत पहाटेचा पारा साधारण २० च्या घरात राहतो. पण डिचोली, साखळी, वाळपई, सांगे असं आत आत सरकत गेलात की वेगळंच. आकाश स्वच्छ, हवा कोरडी, दिवसा तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते, आणि डोंगरउतारावरची गार हवा जड असते ना, ती घसरत खाली खोऱ्यात येऊन बसते. आमच्या इथे साखळीला वाळवंटी नदीच्या काठाला सकाळी बराच वेळ धुकं असतं आणि गॅलरीतल्या दोऱ्यांवर रात्री राहिलेले कपडे दंवाने पुन्हा ओले झालेले असतात.

आम्ही पणजीहून साखळीला भाड्याने राहायला आलो त्याला आता बऱ्यापैकी काळ झाला. सासूबाई सोबत असतात, त्यांचं सगळं आयुष्य सत्तरी तालुक्यातल्या गावच्या घरात गेलं, जाड चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, शेणाने सारवलेली जमीन, न्हाणीत तांब्याच्या भाणात दिवसभर गरम पाणी. त्यामुळे थंडी त्यांना नवीन नाही. पण फ्लॅटातली थंडी त्यांना सोसवेना. पहिल्याच डिसेंबरात म्हणाल्या, "अगो, ही लादी पायाला चावते." मला ते वाक्य फार लागलं, कारण गुडघे धरले की त्या दिवसभर कॉटवरून उठत नाहीत, आणि पौषात गावाला धालो, म्हणजे बायकांची रात्रीची फेराची नाच-गाणी, सुरू झाले की त्यांना मांडावर, म्हणजे धालोंच्या जागेवर, जायचंच असतं, आता फेरात उभं राहवत नाही तरी बाजूला बसून गाणी म्हणायची असतात. तेव्हा घर उबदार ठेवणं हा आमच्याकडे हौसेचा विषय नाही, अगदी मनापासून करायचं काम आहे, आणि त्यातून जे जे कळलं ते इथे लिहिते, कारण गोव्यात भाड्याने राहणाऱ्यांसाठी असं कोणी लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही. जे मिळतं ते सगळं बर्फ पडणाऱ्या देशांचं.

आधी आकड्याचं बोलते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात थंड हवेच्या ठिकाणी घरातलं तापमान निदान १८ अंश असावं असं म्हटलंय, म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर त्याहून जास्त. आता माझ्याकडे एक साधा डिजिटल थर्मामीटर आहे, त्याच्यावर आमची सगळ्यात गार खोलीसुद्धा पहाटे सहसा २० च्या खाली जात नाही. म्हणजे आकड्यात आमचा फ्लॅट पास. मग पाय का गार पडतात आणि सांधे का धरतात? कारण शरीराला नुसतं हवेचं तापमान लागत नाही. पायाखाली काय आहे, जवळची भिंत किती गार आहे, अंगावरून वारं जातंय का, हे सगळं मिळून थंडी वाजते. हे एकदा नीट समजलं की हिटर हा पहिला उपाय राहत नाही.

लादीचंच बघा. विट्रिफाइड टाइल आणि तिच्यावरची सतरंजी यांचं तापमान पहाटे सारखंच असतं, थर्मामीटर टेकवून बघितलं तरी फारसा फरक दिसत नाही. पण टाइल पायातली उष्णता भराभर ओढून घेते आणि सतरंजी किंवा फोम ती ओढत नाही, म्हणून एक गार लागते आणि दुसरी नाही. सारवलेली जमीन टाइलपेक्षा कितीतरी सौम्य असते, म्हणून सासूबाईंना तो फरक लगेच कळला. आम्ही काय केलं तर कॉटपासून बाथरूमपर्यंत आणि कॉटपासून देवापर्यंत, म्हणजे त्या पहाटे जिथून जिथून चालतात तेवढ्याच वाटेवर लहान मुलांच्या खेळायच्या त्या जोडायच्या फोमच्या मॅट मिळतात ना, त्या टाकल्या. त्या सरकत नाहीत, खालून पुसता येतात, आणि घर सोडताना गोळा करून न्यायच्या. गालिचा मुद्दाम घेतला नाही, म्हाताऱ्या माणसाचा पाय त्याच्या कडेत अडकतो. सतरंजी बसायच्या जागी ठीक, चालायच्या वाटेवर नको, ती टाइलवरून घसरते.

आता पश्चिमेकडच्या खोलीचं सांगते, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

आमच्या फ्लॅटला दोन बेडरूम. एक उत्तरेला, एक पश्चिमेला. उत्तरेची मोठी, हवेशीर, मार्च-एप्रिल-मेमध्ये तीच बरी, म्हणून आल्या आल्या ती सासूबाईंना दिलेली. पश्चिमेची खोली उन्हाळ्यात संध्याकाळी नुसती भट्टी असते, कारण दुपारभर ऊन त्या भिंतीवर. पण चिऱ्याची किंवा ब्लॉकची नऊ इंची भिंत ऊन लगेच आत देत नाही, ती सावकाश तापते आणि तापलेलं सावकाश सोडते, दुपारी तीनला घेतलेली ऊब रात्री नऊ-दहानंतर आत पोचते. मेमध्ये जे नकोसं होतं तेच जानेवारीत हवंहवंसं. म्हणून आता दिवाळी झाली की थोड्या दिवसांनी आम्ही खोल्यांची अदलाबदल करतो, सासूबाई पश्चिमेला आणि आम्ही उत्तरेला. कॉट, त्यांचं छोटं कपाट आणि औषधांचा डबा एवढंच हलवायचं. पहाटे दोन्ही खोल्यांत दोन-अडीच अंशांचा फरक पडतो आणि एक पैसा खर्च होत नाही. भाड्याच्या घरात भिंती बदलता येत नाहीत, खिडक्या बदलता येत नाहीत, भोक पाडायचं तर मालकांना विचारावं लागतं, पण आपण घरात कुठे झोपायचं हे आपल्या हातात असतं आणि लोक ते वापरतच नाहीत. बेडरूम एकदा ठरली की वर्षानुवर्षं तीच.

दक्षिणेची खिडकी असेल तर तुम्ही नशीबवान. गोवा साधारण १५.५ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या सुरुवातीला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही, पण डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवर असतो. छज्जा असला तरी खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत घुसतं, आणि सकाळी दहाला किंवा दुपारी तीनला तर आणखी खोल. आमच्या हॉलला अशी खिडकी आहे आणि पडदे दिवसभर ओढून ठेवायची आपली सवय असते, धूळ नको, सोफ्याचा रंग उडतो वगैरे. थंडीत मी ते पूर्ण बाजूला करते आणि ऊन सरळ लादीवर पडू देते. पायाला चावणारी तीच लादी दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळपर्यंत कोमट असते. सासूबाई दुपारी तांदूळ निवडायला तिथेच बसतात.

आणि मग वेळ सांभाळायची. दुपारी बारा ते साडेतीन खिडक्या उघड्या, कारण तेव्हा बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते, ती आत येऊ दे. चार-साडेचारला खिडक्या बंद. सूर्य मावळायच्या आत जाड पडदे ओढायचे, पडदा खिडकीच्या खाली चांगला वीतभर उतरला पाहिजे, म्हणजे काच आणि पडद्यामध्ये हवेचा थर अडकतो. लोक काय करतात, संध्याकाळी फिरून येतात, घर कोंदट वाटतं म्हणून सातला सगळ्या खिडक्या सताड उघडतात आणि दिवसभराची ऊब अर्ध्या तासात बाहेर जाते. दुपारचं उघडणं मात्र अजिबात चुकवायचं नाही हं, गोव्याची हवा आहे ही, घर चोवीस तास बंद ठेवलंत तर कपाटाच्या मागे बुरशी धरते आणि ती पावसाळ्यापर्यंत थांबत नाही.

फटींबद्दल. आपल्याकडच्या स्लायडिंग ॲल्युमिनियमच्या खिडक्या दिसतात बंद, पण दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे आणि खालच्या ट्रॅकमध्ये वारा मोकळा खेळतो. त्यात एक बारीक केसाळ पट्टी असते, लोकरीच्या ब्रशसारखी, ती जुन्या इमारतींत झिजून गेलेली असते. नवी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते आणि खाचेत सरकवून बसवायची असते, डिंक नाही, खिळा नाही. अगरबत्ती पेटवून खिडकीच्या कडेने फिरवा, धूर जिथे आत वाकेल तिथून वारा येतोय. मुख्य दाराखालच्या फटीला रबरी डोअर सील मिळतं, दोन बाजूंना फोमच्या नळ्या असलेलं, ते दाराच्या खालून नुसतं सरकवायचं, त्याने झुरळंही कमी होतात. चिकटवायची फोम टेप वापरायची असेल तर ती ॲल्युमिनियमच्या चौकटीवरच लावा, रंगवलेल्या भिंतीवर किंवा लाकडाच्या पॉलिशवर नको, काढताना रंग निघतो आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. आमच्या मालकांना मी आधी फोटो पाठवून विचारलं होतं, ते हो म्हणाले. लेखी हो असलेलं बरं.

पंख्याचा प्रश्न गोव्यात वेगळाच आहे, कारण आपण पंखा गरमीसाठी जितका लावतो तितकाच डासांसाठी लावतो. थंडीतही. रात्री अकराला बरं वाटतं, पण सगळ्यात जास्त गारवा पहाटे, उजाडायच्या सुमारास असतो, आणि तेव्हा तोच पंखा गाढ झोपलेल्या माणसाच्या अंगावर वारा मारत असतो. सासूबाईंचं अंग आखडायचं त्याचं अर्ध कारण मला वाटतं हेच होतं. त्यावर उपाय म्हणजे आपली जुनी मच्छरदाणी. पंखा बंद, मच्छरदाणी लावलेली, खालची कड गादीखाली नीट खोचलेली. ती डास तर अडवतेच पण आतली हवाही थोडी थोपवून धरते. पुन्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात स्वस्तात मिळते. ती बांधायला भिंतीला भोकं पाडायची नसतील तर तंबूसारखी उघडणारी घ्या, पण म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना तिची चेन सापडत नाही, आमच्याकडे म्हणून दोरीचीच आहे, दोऱ्या खिडकीच्या गजाला आणि कपाटाच्या हँडलला बांधलेल्या.

अंथरुणाचं थोडक्यात. जाडजूड एक ब्लँकेट घेण्यापेक्षा दोन पातळ पांघरुणं, मधल्या हवेने ऊब राहते आणि नको झालं तर एक काढता येतं. अंगाखाली गोधडी हवीच, कारण गादी पातळ असली तर खालूनही गारवा लागतो. आणि गोव्यात पावसाळाभर कपाटात पडलेली गोधडी, चादर, ब्लँकेट यांनी दमट हवा पिऊन घेतलेली असते, ती तशीच पांघरली तर थंडगार लागते. थंडी सुरू व्हायच्या आधी दोन-तीन दुपारी कडक उन्हात टाका, आणि मग आठवड्यातून एकदा. सासूबाईंकडे घाटावरून आणलेली एक घोंगडी आहे, काळी, टोचणारी, तिच्याइतकं उबदार दुसरं काही आमच्या घरात नाही, पहाटे उठल्या की खांद्यावर तीच असते. कॉट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, हातभर लांब ठेवा, भिंत गार असली की शेजारी झोपलेल्या माणसाच्या अंगातली ऊब तिकडे जाते.

अंघोळ. सकाळी सहाची अंघोळ म्हणजे पुण्य हे सासूबाईंना सोडवत नव्हतं, शेवटी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ऐकल्या, आता ऊन अंगणात आलं की अकराला. बाथरूमला त्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी असते, कायम उघडी, अंघोळीपुरती तिच्यावर पुठ्ठा लावला तर चालतो. पण हे फक्त इलेक्ट्रिक गिझर असेल तरच. गॅसचा गिझर बाथरूमच्या आत असेल तर एकही फट बंद करू नका, कृपा करून. बंद जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, चक्कर येईपर्यंत कळत नाही आणि कळलं तरी तोवर उठवत नाही. असे मृत्यू आपल्या देशात दर हिवाळ्यात होतात. भाड्याच्या घरात असा गिझर असेल तर तो बाहेर हलवून द्यायला मालकांना सांगा, यात भीड धरू नका. हेच निखाऱ्यांचं. गावच्या घरात चुलीतले निखारे मडक्यात घालून कॉटखाली ठेवायची पद्धत सासूबाईंनी बघितलेली, त्यांनी एकदा विचारलंही. पण तिथे कौलांच्या फटींतून धूर, वायू सगळं निघून जायचं. स्लॅबच्या घरात दारं खिडक्या बंद करून निखारे ठेवणं जिवावर बेतणारं आहे. गॅसची शेगडी नुसती खोली तापवायला पेटवणं तेही तसंच.

आता हिटर. घेऊ नका असं मी म्हणत नाही, आमच्याकडे आहे एक, हजार वॅटचा. पण हिशेब माहीत असू द्या. १००० वॅट तासभर चालला की एक युनिट, रोज तीन तास म्हटलं तर महिन्याला ९० युनिट. दोन हजार वॅटचा ब्लोअर त्याच्या दुप्पट. आणि बिलापेक्षा मोठी गोष्ट वायरिंगची. साधं ६ ॲम्पिअरचं सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंतच झेपवतं, दोन हजार वॅटच्या ब्लोअरला पावणेनऊ ॲम्पिअर लागतात, तो मोठ्या १६ ॲम्पिअरच्या सॉकेटलाच लावायचा. जुन्या फ्लॅटात असं सॉकेट गिझरला आणि फार तर एसीच्या जागी असतं. एक्स्टेंशन बोर्डवर हिटर कधीच नाही, प्लग हाताला गरम लागला तर लगेच बंद. आयएसआय मार्क बघा, पडला तर आपोआप बंद होणारा घ्या, पडद्यापासून आणि मच्छरदाणीपासून तीन फूट लांब. आम्ही तो फक्त सासूबाई अंघोळीहून येतात तेव्हा पंधरा-वीस मिनिटं लावतो, ओले केस असतात तेव्हाच खरी गरज असते. नवीन एसी घेणार असाल तर हॉट अँड कोल्ड मिळतो, तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो म्हणून एक युनिट विजेत साधारण तिप्पट ऊब देतो, पण गोव्यातल्या भाड्याच्या फ्लॅटात आधीच बसवलेला एसी बहुतेक फक्त गार करणारा असतो, रिमोटवर सूर्याचं चित्र आहे का बघा.

त्यापेक्षा अंथरूण तापवणं कितीतरी सोपं. सिंगल बेडचं इलेक्ट्रिक ब्लँकेट शंभर वॅटच्या आसपास घेतं, झोपायच्या आधी अर्धा तास लावायचं आणि झोपताना बंद करायचं. मधुमेहाने पायाला संवेदना कमी असेल तर ते नको, भाजलेलं कळत नाही. सासूबाईंना मधुमेह आहे म्हणून आमच्याकडे रबरी पिशवी, तीही उकळत्या पाण्याची नाही, कोमटाहून जरा जास्त, दोन तृतीयांश भरून हवा काढून झाकण घट्ट, वर टॉवेल गुंडाळून पायांपासून थोडी लांब ठेवायची आणि झोपायच्या आधी काढून घ्यायची. बाकी पोटातून जी ऊब मिळते तिला तोड नाही, रात्री गरम भाताबरोबर कुळथाची पिठी, सकाळी नाचण्याचं तिझान, झोपताना धणे-जिरे-आल्याचा कषाय. पाय सुती मोज्यांत. कान झाकलेले.

हे सगळं एकदम करायची गरज नाही. पैसे अजिबात खर्च करायचे नसतील तर खोली बदला, दुपारी चारला खिडक्या बंद करा आणि पंखा बंद करा, यातच निम्म्याहून जास्त काम होतं. मागच्या पौषात सासूबाई धालांना गेल्या, घोंगडी पांघरून मांडाच्या कडेला बसल्या आणि मध्यरात्रीपर्यंत गात होत्या, दुसऱ्या दिवशी दुखलं त्यांना, पण उठल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी मात्र आठवणीने सगळं उलटं करायचं. पश्चिमेची खोली तापायला लागते, म्हाताऱ्या माणसाला ती उकाड्यात जास्त त्रास देईल, म्हणून कॉट परत उत्तरेला. दाराखालचं सील राहू दे, ते एसीलाही उपयोगी. खिडकीची फोम टेप उन्हाने कडक व्हायच्या आत काढा, हेअर ड्रायरने जरा गरम केली की सुटते, आणि मागे राहिलेला डिंक खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवला की कापडाने निघून येतो.